'लुई' म्हणजे काय? एका गाजलेल्या नावाची गोष्ट

(आमच्या पॉडकास्टच्या ताज्या भागाचं हे लिखित रूप. ट्रेनमध्ये हेडफोन विसरलेल्यांसाठी. ऑडिओत मी उच्चार करून दाखवले होते, इथे ते देवनागरीत लिहिलेत. वाचताना तोंडाने म्हणून बघा. शेजारचे बघतील, बघू देत.)



आजचा भाग आमच्या घरातल्या एका भांडणातून आलाय. भांडण म्हणजे अगदी भांडी आपटली नाहीत, पण जेवताना कुणी कुणाशी बोललं नाही, इतपत झालं. ताईला सातवा महिना चालू आहे. मुलगा झाला तर त्याला आजोबांचं नाव द्यावं, असं आईच्या मनात आहे. आजोबा गेल्या वर्षी गेले. त्यांचं नाव लुईस. आम्ही वसईचे, कॅथलिक. आमच्याकडे हे नाव काही नवलाचं नाही. पण भावोजी म्हणाले, "नाव द्यायला माझी ना नाही. पण नावाला काहीतरी अर्थ नको का? लुईसचा अर्थ काय?"

मग त्यांनीच फोन काढला, बाळांच्या नावांची एक साइट उघडली आणि वाचून दाखवलं: "प्रसिद्ध योद्धा." सगळे गप्प. आजोबांनी आयुष्यभर फुलांची वाडी केली. त्यांचा आवाज कधी चढलेला मी ऐकला नाही. योद्धा कसला! आई ताट उचलून आत गेली.

मला हा प्रश्न नवा नव्हता. सहावीत असताना वर्गात घरातल्या तीन माणसांच्या नावांचे अर्थ लिहून आणायला सांगितले होते. मी आजोबांच्या नावापुढे रेघ मारून वही दिली. "यांच्या नावांना अर्थ नसतो, बस खाली," असं उत्तर मिळालं. घरी येऊन मी ते आजोबांना सांगितलं, तर ते हसले. "अर्थ नसेना का," म्हणाले, "कुणी हाक मारली की मी ओ देतो ना?"

ती रेघ तेव्हापासून माझ्या डोक्यात आहे. म्हणून या वेळी नीट शोधायचं ठरवलं.

लुईस हे रूप आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबर आलं. 1534 मध्ये वसई त्यांच्याकडे गेली, 1739 मध्ये चिमाजी आप्पांनी ती घेतली. मधल्या दोनशे वर्षांत अशी कितीतरी नावं इथल्या मातीत रुजली. पण या नावाचं मोठं घर आहे ते फ्रान्स. तिथे ते 'लुई'. लिहिताना शेवटी एस लिहितात, बोलताना तो गिळतात. शाळेच्या इतिहासात भेटलेला चौदावा लुई, सोळावा लुई, तोच हा. अंधांची लिपी तयार करणारा लुई ब्रेल आणि पेयं तापवून जंतू मारायला शिकवणारा लुई पाश्चर, हेही तेच.

गंमत अशी की इतकं फ्रेंच वाटणारं हे नाव फ्रेंच भाषेच्या पोटातून आलेलंच नाही. फ्रेंच ही लॅटिनची मुलगी. आणि हे नाव आहे फ्रँक लोकांच्या भाषेतलं, म्हणजे जर्मन, डच, इंग्लिश यांच्या गोतावळ्यातलं. फ्रँक म्हणजे ऱ्हाइन नदीच्या बाजूने आलेल्या टोळ्या. रोमन साम्राज्य ढासळत होतं तेव्हा त्यांनी हा मुलूख ताब्यात घेतला आणि देशाला नावही त्यांचंच पडलं, फ्रान्स. पुढे त्यांनी स्वतःची भाषा सोडली, तिथल्या लोकांची लॅटिन उचलली. पण मुलांची नावं मात्र जुनीच ठेवत राहिले. माणूस भाषा आधी सोडतो, नावं मागाहून.

या फ्रँकांचा एक राजा होता. त्याचा काळ 481 ते 511. फ्रेंच इतिहासात त्याला क्लोव्हिस म्हणतात. रीम्स या गावी बिशपच्या हातून त्याने बाप्तिस्मा घेतला आणि तेव्हापासून फ्रान्सचे राजे आणि चर्च यांची जी गाठ पडली ती तेराशे वर्षं सुटली नाही. त्याच्या स्वतःच्या तोंडी त्याचं नाव साधारण असं असणार: ह्लोदोविग. सुरुवातीचा 'ह' घशातून, जरा खरखरीत. (रेकॉर्डिंगच्या वेळी मला इथे खरंच ठसका लागला. तो मी एडिट केला नाही.)

लॅटिन लिहिणाऱ्या कारकुनांना हा 'ह्ल' झेपेना. त्यांनी तो सी आणि एच घालून लिहिला. त्या जुन्या लेखनावरून आलं 'क्लोव्हिस'. पण लोकांच्या तोंडात नाव वेगळ्याच वाटेने गेलं. आधी 'ह' पडला, मग मधला 'द' विरघळला, शेवटचा 'ग' गेला. लोदोविक, लोओइस, लुई. म्हणजे क्लोव्हिस आणि लुई ही दोन नावं नाहीतच. एक कागदावर जपलेलं, दुसरं बोलून बोलून झिजलेलं.

हे झिजणं आपल्याला परकं नाही. संस्कृतमधला 'पाद' मराठीत येईपर्यंत 'पाय' झाला, मधला 'द' असाच विरघळला. 'नगर' झिजून झिजून 'नेर' झालं: पारनेर, जामनेर, अमळनेर. मधली व्यंजनं दोन स्वरांच्या चिमटीत सापडली की टिकत नाहीत. सीन नदीच्या काठी जे चाललं होतं, तेच गोदावरीच्या काठी.

बाकीच्या देशांत झीज कमीजास्त झाली. जर्मनीत 'द' आणि 'ग' राहिले, म्हणून तिथे लुडविग. बेथोव्हेनचं नाव आठवा. इटलीत लुईजी, स्पेनमध्ये आणि आमच्याकडे लुईस. बेथोव्हेन आणि आमचे आजोबा नामबंधू होते, हे आजोबांना सांगायचं राहून गेलं.

आता अर्थाकडे येऊ. नावाचे दोन तुकडे: 'ह्लूद' आणि 'विग'. 'विग' म्हणजे लढाई. आणि 'ह्लूद' म्हणजे मोठ्याने ऐकू येणारा. इंग्लिशमधला 'लाउड' आणि जर्मनमधला 'लाउट' तो हाच शब्द. पण जो मोठ्याने ऐकू येतो, ज्याच्याबद्दल सगळीकडे ऐकू येतं, तो प्रसिद्ध. म्हणून 'ह्लूद'चा दुसरा अर्थ नामांकित.

साइटवाल्यांनी याचं 'प्रसिद्ध योद्धा' करून टाकलं. चूक नाही, पण अगदी बेचव. मराठीत याला त्याहून शंभरपट चांगला शब्द आहे आणि आपण तो रोज वापरतो. गाजणं! गाजणं म्हणजे मुळात गर्जणं, आवाज होणं. आणि गाजलेला म्हणजे प्रसिद्ध. गाजलेलं नाटक, गाजलेली मॅच. आवाजाकडून प्रसिद्धीकडे जी उडी फ्रँकांनी मारली, तीच आपण मारली. आपण तर सरळ 'रण गाजवलं' म्हणतो. ह्लोदोविग म्हणजे रण गाजवणारा. बस्स. मला विचाराल तर 'लुई'चं याहून चपखल भाषांतर फार थोड्या भाषांत होत असेल.

आणि इथे थांबलो असतो, तरी चाललं असतं. पण हा 'ह्लूद' आणखी मागे नेला तर तो आपल्याच अंगणात येतो.

युरोपातल्या बहुतेक भाषा आणि संस्कृत एकाच जुन्या भाषेतून निघाल्या, हे तुम्ही ऐकलं असेल. त्यात एक ठरलेला हिशोब आहे. संस्कृतमध्ये जिथे 'श' असतो, तिथे लॅटिनमध्ये बऱ्याचदा 'क' येतो आणि जर्मन घराण्यातल्या भाषांत 'ह'. आपलं 'शत', लॅटिनचं 'केंतुम', इंग्लिशचं 'हंड्रेड'. आपला 'श्वान', लॅटिनचा 'कानिस', इंग्लिशचा 'हाउंड'. 'र' आणि 'ल' यांची अदलाबदल तर भाषांना नेहमीचीच. मग 'ह्लूद'मधल्या 'ह'च्या जागी 'श' ठेवा, 'ल'च्या जागी 'र' ठेवा. काय येतं?

श्रुत.

श्रु म्हणजे ऐकणे. श्रवण, श्रुती, श्रोता. ज्याचं नाव सगळ्यांनी ऐकलंय तो विश्रुत, म्हणजे प्रसिद्ध. महाभारतातला भूरिश्रवा आठवा. भूरि म्हणजे पुष्कळ, श्रव म्हणजे कीर्ती. रामायणात शत्रुघ्नाची बायको श्रुतकीर्ती. ग्रीकांच्या पेरिक्लीजमधला 'क्लीज' हाही याच मुळाचा, त्याचाही अर्थ कीर्ती. आपण अजून म्हणतो, "तुमचं नाव ऐकून आहे." म्हणजे काय, तर तुम्ही प्रसिद्ध आहात.

इंग्लिश 'लिसन'सुद्धा याच मुळातून आलंय. म्हणजे तुम्ही श्रोते, तुमचं लिसन करणं आणि 'लुई'तला तो 'लु', सगळे एकाच आजीची नातवंडं. पॉडकास्टवाल्याला यापेक्षा आणखी काय हवं!

पण एक सावधगिरी. हे दोन तुकडे जोडून आईबापांनी काही वाक्य लिहिलं होतं, असं समजू नका. फ्रँकांकडे नावाचे तुकडे ठरलेले असत आणि घराण्यातला एक तुकडा मुलांत फिरवत ठेवायचा, अशी रीत. क्लोव्हिसच्या मुलांची नावं बघा. क्लोदोमेर, क्लोतार: पुन्हा तोच 'ह्लूद'. आपण जयश्री, धनश्री, भाग्यश्री अशा तीन बहिणींना नावं ठेवतो, तसंच. (नाव ठेवणं हं, नावं ठेवणं नव्हे.) मुलगा अमक्या घरचा, हे ऐकल्याबरोबर कळावं, हा त्यातला खरा हेतू. रण गाजवलं तर चांगलंच.

आणि हेच पुढे एका माणसाने फार हुशारीने वापरलं. क्लोव्हिसच्या घराण्याची गादी 751 मध्ये दुसऱ्या घराण्याने घेतली. त्या नव्या घराण्यातला सगळ्यात मोठा राजा शार्लमेन. त्याच्या घरात नावं वेगळी असत: पेपँ, शार्ल. पण 778 मध्ये त्याला जुळे मुलगे झाले, तेव्हा त्याने त्यांची नावं ठेवली लुई आणि लोतार. म्हणजे क्लोव्हिस आणि क्लोतार, ज्यांचं राज्य आपण घेतलं त्यांचीच नावं! जणू सांगायचं होतं, आम्ही परके नाही, त्यांचेच वारस आहोत. सातबारावर नाव चढवण्यासारखं आहे हे, फक्त उलट्या बाजूने: इथे जमिनीच्या जुन्या मालकाचं नाव आपल्या मुलावर चढवलं. लोतार लहानपणीच गेला. लुई राहिला आणि 814 मध्ये सम्राट झाला. फ्रान्सच्या यादीतला पहिला लुई तो हाच. खरा पहिला क्लोव्हिस होता, पण मोजणाऱ्यांनी त्याला मोजलंच नाही.

या पहिल्या लुईची मुलं आपसात लढली. त्यातल्या दोघांनी 14 फेब्रुवारी 842 ला स्ट्रासबूर्ग इथे एकमेकांना साथ द्यायची शपथ घेतली. एक भाऊ जर्मन बोलणाऱ्या सैन्याचा, त्याचं नाव लुई. दुसरा शार्ल, त्याचं सैन्य जुनी फ्रेंच बोलणारं. समोरच्या सैन्याला कळावं म्हणून प्रत्येकाने दुसऱ्याच्या भाषेत शपथ घेतली. ती शब्दशः लिहून ठेवलेली आहे आणि तोच फ्रेंच भाषेचा सगळ्यात जुना मजकूर मानतात. त्यात हे नाव आहे, 'लोधुविग्स' असं. फ्रेंच भाषा कागदावर उतरली त्या पहिल्याच दिवशी हे नाव तिथे हजर होतं, अजून अर्धंच झिजलेलं.

मधली काही शतकं पटकन ओलांडू. नववा लुई, जन्म 1214, धर्मयुद्धावर असताना 1270 मध्ये ट्युनिसजवळ वारला आणि 1297 मध्ये चर्चने त्याला संत ठरवलं. ही मोठी गोष्ट, कारण आता हे नाव फक्त राजवाड्याचं राहिलं नाही, चर्चच्या पंचांगात आलं. 25 ऑगस्ट हा संत लुईचा दिवस. कुणीही आपल्या पोराला ते देऊ शकत होतं.

राजांनी तर ते सोडलंच नाही. 1610 ते 1792, सलग 182 वर्षं, फ्रान्सच्या गादीवर लुईच होता: तेरावा, चौदावा, पंधरावा, सोळावा. 1640 पासून सोन्याच्या नाण्याला लोक 'लुई' म्हणू लागले. अमेरिकेतल्या एका अख्ख्या प्रदेशाचं नाव लुईझियाना पडलं. आपल्याकडे पाँडिचेरीला फ्रेंचांनी किल्ला बांधला, त्याचं नाव फोर्ट लुई. इंग्रजांनी तो 1761 मध्ये पाडून टाकला.

मग क्रांती झाली आणि नावाचे दिवस फिरले. राजेशाही रद्द झाल्यावर सोळाव्या लुईवर खटला चालला, तेव्हा त्याला 'लुई कापे' म्हणायला सुरुवात झाली. कापे हे त्याच्या आठशे वर्षांपूर्वीच्या पूर्वजाचं टोपणनाव. राजाला आडनाव नसतं, म्हणून शोधून एक चिकटवलं. नंबर काढून घेतला आणि साध्या माणसासारखं नाव-आडनाव दिलं. मला यातली चीड कळते, आणि क्रूरपणाही. 21 जानेवारी 1793 ला त्याचा शिरच्छेद झाला. ज्या यंत्राने झाला ते तयार करण्यात आंत्वान लुई नावाच्या सर्जनचा मोठा हात होता. म्हणून गिलोटिन हे नाव रुळण्याआधी लोक त्या यंत्राला 'लुईझेट' म्हणत. लुईला मारणारी लुईझेट! कादंबरीत लिहिलं असतं तर कुणी विश्वास ठेवला नसता.

पण नाव मेलं नाही. 1803 मध्ये फ्रान्समध्ये कायदा आला की मुलांची नावं पंचांगातली किंवा प्राचीन इतिहासातलीच हवीत. मनाला येईल ते नाव ठेवायला बंदी. हा कायदा हळूहळू सैल होत 1993 पर्यंत चालला. लुई पंचांगात होताच. 1809 मध्ये पॅरिसजवळच्या एका गावात खोगिरं शिवणाऱ्या कारागिराच्या घरी मुलगा झाला, त्याचं नाव लुई. तीन वर्षांचा असताना बापाच्या आरीशी खेळताना त्याच्या डोळ्याला इजा झाली आणि पुढे दोन्ही डोळे गेले. तो ब्रेल. 1822 मध्ये चामडं कमावणाऱ्याच्या घरी आणखी एक लुई जन्मला, तो पाश्चर. आणि 1864 मध्ये जन्मलेला लुई ल्युमिएर. त्याने आणि त्याच्या भावाने बनवलेल्या यंत्रावरचं हलतं चित्र 7 जुलै 1896 ला मुंबईत वॉटसन हॉटेलमध्ये दाखवलं गेलं. आपल्याकडे सिनेमा पहिल्यांदा दिसला तो असा.

आता सांगा, 'लुई' म्हणजे काय? आज पॅरिसमध्ये कुणी हे नाव ठेवतं तेव्हा त्याच्या कानात लढाई वाजत नाही. हजार वर्षांपूर्वीच तो अर्थ कुणाला कळेनासा झाला, नाव मात्र चालत राहिलं. सध्या तर ते तिकडे पुन्हा फार आवडीचं झालंय. ज्यांना अर्थ दिसतो अशा नावांबद्दल आपल्याला प्रेम आहे, ते मला मान्य. पण अर्थ शब्दकोशात असतो तसाच तो आधी ते नाव वापरून गेलेल्या माणसांतही असतो. शार्लमेनला हे कळत होतं. माझ्या सहावीच्या वर्गात ते कुणाला कळलं नाही.

हे सगळं रेकॉर्ड करून मी कच्ची ऑडिओ घरच्या ग्रुपवर टाकली. भावोजींनी पूर्ण ऐकली. रात्री फोन करून म्हणाले, "ते श्रोत्याचं खरंय का?" मी म्हटलं, खरंय. थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आजोबा ऐकायचे मात्र सगळ्यांचं."

एवढ्यात मागून ताईचा आवाज: "आणि मुलगी झाली तर?"

मी म्हटलं, लुईझ. फ्रान्समध्ये मुलींच्या नावांत ते अगदी वरच्या नंबरात आहे. भावोजींनी फोन स्पीकरवर टाकला आणि स्क्रीनवर टकटक ऐकू यायला लागली. अर्थ शोधत असावेत.